बाबांच्या घरात राहा, चूल मात्र वेगळी मांडा

पत्र : मी राजापूर तालुक्यातल्या एका वाडीतली माहेरवाशीण, वय ३६. सासर लांजा तालुक्यात, सव्वा तासाच्या अंतरावर. आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. बाबा ७२ वर्षांचे, आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. गोठ्यात दोन गाई, ३८ गुंठे भातशेती, चाळीस हापूस कलमं, विहिरीजवळ थोडं आगर. घर चिऱ्याचं, कौलारू, बाबांचं आणि काकांचं सामाईक. काका वारले. चुलतभाऊ मुंबईत, गणपतीला आणि शिमग्याला येतात. सातबारा एकत्र, पण वहिवाट पंचवीस वर्षं वेगळी. बाबा म्हणतात, ‘तुम्ही इथेच येऊन राहा, घर तुझ्या नावावर करून देतो.’ आमचे हे वायरिंगची आणि पंपाची कामं करतात, ती कुठेही मिळतील. पण घरजावई म्हणून राहायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. मोठे दीर म्हणतात, ‘जाताय तर जा, पण मग इकडचं लिहून द्या.’ मुलगी चौथीत आहे. बहीण डोंबिवलीला. आम्ही जावं का? गेलो तर कसं राहावं? आणि सासूबाईंना काय सांगू?

ताई, जा. पण एका शेतीच्या वर्षापुरतं ठरवून जा. पहिल्या दिवसापासून चूल वेगळी मांडा. आणि त्या वर्षात बाबांच्या बक्षीसपत्रालाही हात लावू नका आणि दिरांच्या हक्कसोडपत्रावरही सही करू नका.

तुमच्या पत्रात तीन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत : झोपायचं कुठे, जेवायचं कुणाच्या चुलीवर आणि नाव कुठल्या कागदावर. कोकणात ही तीन उत्तरं वेगवेगळी असू शकतात आणि पिढ्यान्‌पिढ्या होतीही. एका छपराखाली तीन चुली आणि तिन्हींची नावं एकाच सातबाऱ्यावर, असं घर प्रत्येक वाडीत सापडतं. मुंबईत नोकरी करणाऱ्या चाकरमान्याचा उंबरठा गावात आहे आणि चूल घाटकोपरला, याचं कुणाला नवल वाटत नाही. भांडणं होतात ती या तीन गोष्टी एकाच दिवशी, एकाच शब्दात उरकायला गेलं की. ‘घर नावावर करून देतो, येऊन राहा’ या बाबांच्या वाक्यात तिन्ही एकत्र आले आहेत. ते प्रेमाने बोलले आहेत, पण तुम्ही ते सुटं करून घ्या.

आधी यजमानांच्या मनातलं बघू. घरजावई या शब्दाचा सल खरा आहे, तो हसण्यावारी नेऊ नका. हाच किनारा धरून खाली तुळुनाडात (मंगळूर-उडुपीच्या पट्ट्यात) आणि केरळात गेलं तर कित्येक समाजांत मुलगी आईच्या घरीच राहायची आणि मिळकत तिच्या वंशात चालायची. केरळात कायद्याने ती एकत्र कुटुंबपद्धत १९७० च्या दशकात संपली. आपल्याकडे मुलगी सासरी जाते, म्हणून जो उलटा येतो तो डोळ्यावर येतो. पण वाडीत जावयाला टोचून बोलतात ते तो कुठे झोपतो यावरून नाही. सासऱ्याच्या ताटात जेवतो, खिशात स्वतःचा पैसा नाही, बागेत काय करायचं ते सासरा ठरवतो आणि घाम याचा, अशी स्थिती असली की लोक बोलतात. तुमच्या यजमानांकडे हातात कला आहे. गावोगाव पंप जळतात, पावसाळ्यात वायरिंग जळतं. महिन्याभरात त्यांची स्वतःची ओळख होईल. ते ‘अमक्याचे जावई’ राहणार नाहीत, ‘मोटारवाले’ होतील. म्हणून त्यांनी शेतीसाठी काम सोडू नये. आठवड्यातले दोन दिवस आणि लावणी-कापणीचे दिवस शेताला, बाकी धंद्याला, हे आधीच बाबांशी बोलून घ्या. आणि गोठा? गाईचं दूध काढणं पहाटे आणि संध्याकाळी, सुट्टी नाही. हे काम आपोआप तुमच्या गळ्यात पडेल. दोनपैकी एक गाय कमी करायची का, हा प्रश्न जाण्याआधी सोडवा, नंतर सोडवाल तर ‘आल्या आणि गाय विकायला लावली’ असं होईल.

कायद्याने जावयाला सासऱ्याच्या मिळकतीत काहीही मिळत नाही, वीस वर्षं राबला तरी. हे कटू आहे, पण यजमानांना स्पष्ट सांगा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. हक्क तुम्हा दोघी बहिणींचा, आणि तो समान. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्मानेच वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकीच हिस्सेदार आहे, आणि त्या दिवशी वडील हयात असणं गरजेचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत वाटप झालेलं असेल तर ते मात्र तसंच राहतं. तुमच्याकडे बाबा आणि काकांमध्ये काही ठरलं असेल तर ते तोंडी. वहिवाट वेगळी असणं म्हणजे वाटप नव्हे. सातबाऱ्यावर जोवर नावं एकत्र आहेत तोवर कुठला कोपरा कुणाचा हे फक्त आठवणीत आणि बांधावर आहे. त्यामुळे तलाठ्याकडून आधी तीन गोष्टी काढा : सर्व गटांचे सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनीचा एकत्र उतारा) आणि जुने फेरफार (नावं कशी बदलत गेली त्या नोंदी), निदान आजोबांच्या वारस नोंदीपर्यंतचे. फेरफारात दिसेल की जमीन आजोबांच्या वडिलांची की आजोबांनी घेतलेली की कूळ कायद्यात, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारं कूळ म्हणून, मिळालेली. ‘इतर अधिकार’ या रकान्यात कलम ४३ चा शेरा असेल तर ती कूळ कायद्याची जमीन, आणि ती विकायला किंवा बक्षीस द्यायला आधी परवानगी लागते किंवा ठरलेली रक्कम भरून तो शेरा उठवून घ्यावा लागतो. वारसाने नाव लागायला मात्र अडचण नाही.

आता ‘घर नावावर करून देतो’. बाबा संपूर्ण घर देऊ शकत नाहीत, कारण अर्धं काकांच्या मुलांचं आहे. मिळकत वडिलोपार्जित आणि न वाटलेली ठरली तर स्वतःचा हिस्सासुद्धा त्यांना एकट्याच्या मर्जीने बक्षीस देता येत नाही. मृत्युपत्राने मात्र देता येतो. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, तुमचं नाव चढवून घरपट्टी भरायला लागलात तरी मालकी येत नाही. हे अनेकांना कळतं तेव्हा उशीर झालेला असतो, घरात पाच लाख घातलेले असतात. आणि समजा बक्षीसपत्र करता आलं, तरी आम्ही ते करू नका असंच सांगू. बक्षीसपत्र एकदा नोंदलं की परत फिरवणं अवघड. बाबा-आईच्या डोक्यावरचं छप्पर त्यांच्याच नावावर राहू दे. बाबांना जास्त द्यायचंच असेल तर मृत्युपत्र करावं. ते कितीही वेळा बदलता येतं, त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही पण करावीच. दोन साक्षीदार लागतात आणि ज्यांना काही मिळणार आहे ते किंवा त्यांचे नवरा-बायको साक्षीदार नकोत. ७२ व्या वर्षी त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखला जोडला तर पुढे ‘म्हाताऱ्याला कळत नव्हतं’ असं कुणी म्हणणार नाही. मृत्युपत्रात बाबा फक्त स्वतःचा हिस्सा लिहू शकतात. बहिणीचा जन्माने आलेला हिस्सा त्यांना काढून घेता येत नाही.

आणखी एक गोष्ट यजमानांसाठी. वडिलांकडून वारशाने आलेली मिळकत तुमच्या नावावर असताना, तुमच्या पश्चात मृत्युपत्र नसेल, तर ती मुलीला आणि यजमानांना सारखी जाते. मूलबाळ नसलेल्या बाईची अशी मिळकत मात्र तिच्या वडिलांच्या वारसांकडे परत जाते, नवऱ्याकडे नाही. तुमच्याकडे मुलगी आहे म्हणून हा प्रश्न येत नाही, पण गावात कुणी अर्धवट ऐकून यजमानांना घाबरवेल, तेव्हा हे माहीत असलेलं बरं.

दिरांचं उत्तर सोपं आहे. घर सोडून दुसरीकडे राहायला गेल्याने कुणाचा हक्क जात नाही. तसं असतं तर निम्म्या कोकणाचा हक्क मुंबईला गेल्यावर संपला असता. ‘इकडचं लिहून द्या’ म्हणजे हक्कसोडपत्र, आणि ते नोंदलं की संपलं. पुढे इथलं जमलं नाही तर परत जायला दार राहणार नाही. यजमानांनी भावाला सांगावं : ‘राहायला जातोय, वाटा सोडत नाही. भात तू पिकव, माझ्या वाट्याचं काय ते दरवर्षी आपण बसून बोलू.’ आवाज न चढवता, आईच्या समोर.

आता चुलीकडे येऊ. दोन दिवसांनी आईच्या हाताला आराम म्हणून तुम्ही एकत्र स्वयंपाक करू लागाल, ते नैसर्गिक आहे. तरीही दुसरी चूल मांडा, दुसरा सिलिंडर घ्या. वाडीत वर्गणी, देवळाचं काम, शिमग्याचा खर्च सगळं चुलीमागे मोजतात. तुमची चूल वेगळी असली की तुम्ही वर्गणी द्याल आणि यजमान बैठकीत स्वतःच्या पायावर बसतील. पालखीचा मान, गाऱ्हाण्याचा मान बाबांच्या कुळाचा. तो यजमानांना मिळणार नाही आणि त्यांनी मागूही नये. शिमग्यात पालखी बाबांच्या ओटीवर येईल तेव्हा यजमान पाहुण्यासारखे ओवाळून घेतील, इतकं पुरे. स्वतःचा गणपती आणि स्वतःच्या ग्रामदेवतेची पालखी या दोन वेळा त्यांनी लांज्याला गेलंच पाहिजे, पहिल्या वर्षी तर नक्कीच.

चुलीचं दुसरं कारण सुतक. यजमानांच्या भावकीत कोणी गेलं तर तुम्हाला दहा दिवसांचं सुतक, बाबांना नाही. बाबांच्या भावकीत कोणी गेलं तर उलटं. हे भाद्रपदात झालं आणि चूल एक असेल, तर घरच्या गणपतीचा नैवेद्य कोणी करायचा इथपासून वाद सुरू होतो. मुंबईहून पंधरा माणसं आलेली असतात आणि चुलतवहिनी माजघराच्या दारात उभी. चूल वेगळी असेल तर बहुतेक गावांत यावर मार्ग निघतो. तुमच्या गावचा रिवाज काय, ते भटजींना आणि वाडीतल्या जाणत्यांना जाण्याआधी विचारून ठेवा.

चूल कुठे मांडायची? मागच्या पडवीत, न्हाणीच्या बाजूला. तिथे पाणी आणि मागलं दार दोन्ही हाताशी येतं. कुडाचा आडोसा किंवा पत्र्याची भिंत पुरे, चिरा लावू नका. काकांच्या वाट्याच्या खोल्यांना कुलूप असेल तर ते उघडू नका, भाताची पोती ठेवायलासुद्धा नाही. सामाईक घरावर पहिल्या वर्षी फक्त शाकारणीचा खर्च करा, म्हणजे पावसाआधी कौलं चाळणं आणि फुटकी बदलणं, आणि त्याचा हिशोब फोटोसकट चुलतभावांना पाठवा. स्लॅब, शौचालय, नवी खोली यांतलं काहीही सुरू करू नका. सामाईक घरात घातलेला पैसा वाटणीत परत मिळेलच असं धरता येत नाही आणि तुमचे यजमान तर त्या घराचे हिस्सेदारही नाहीत. वीज मात्र त्यांच्या हातातली गोष्ट आहे : सब-मीटर बसवा, बिलाचा वाद कायमचा जाईल.

गणपतीचे दिवस वेगळे धरा. चुलतभाऊ येतील तेव्हा ओटी, माजघर, देवघर सगळ्यांचं. तुमचं सामान तेव्हा पडवीत मावेल इतकंच आणा. पहिल्या गणपतीत त्यांना दिसलं पाहिजे की घर होतं तसंच आहे.

चुलतभावांच्या मनात एक भीती असेल, ती ते बोलणार नाहीत : ‘कसेल त्याची जमीन.’ १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनापासून कोकणातल्या कितीतरी खोतांच्या आणि जमीनमालकांच्या जमिनी कुळांकडे गेल्या आणि ती आठवण घराघरांत आहे. घरच्या माणसाने कसलं की कूळ लागत नाही. पण जावई घरचा की बाहेरचा, यावरच कुणी वाद उभा करू शकतो. म्हणून खंडाची (जमीन कसण्याच्या भाड्याची) पावती करू नका, अर्धलीचा (निम्म्या पिकाच्या वाट्याचा) कागद करू नका, ई-पीक पाहणी बाबांच्या नावाने बाबांच्याच मोबाईलवरून लावा. भातशेती बाबांची, तुम्ही हाताखाली. यजमानांना स्वतःचा पैसा धंद्यातून मिळेल.

शेतीचा हिशोब मांडून बघा म्हणजे एक वर्ष का, ते कळेल. ३८ गुंठ्यांना साधारण चार गुंठ्यांचा तरवा, म्हणजे भाताच्या रोपांचा वाफा, लागतो, चौदा-पंधरा किलो बियाणं. लावणीला एक हात दिवसाला तीनेक गुंठे उरकतो, म्हणजे बारा-तेरा माणसांचं एका दिवसाचं काम. ही माणसं आज उसनवारीने येतात, आणि उसनवारी फेडायला आईला आता जमत नाही. तुम्ही गेल्यावर जुलैमध्ये दहा-बारा दिवस दुसऱ्यांच्या शेतात लावणी करावी लागेल, तरच तुमच्याकडे माणूस येईल. आणि नेमकी तेव्हाच लांज्यालाही लावणी. दोन्हीकडे एकाच दिवशी हात कमी पडले की दिरांचा राग खरा होईल. उपाय असा : एकीकडे मेअखेर धूळवाफेवर, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, पेरा, दुसरीकडे पाऊस लागल्यावर आठ-दहा दिवसांनी. तरवा एकवीस ते पंचवीस दिवसांचा झाला की लावणी, त्यामुळे तारखा आपोआप मागेपुढे होतात. कापणीही अडू नये म्हणून एका ठिकाणी हळवं (लवकर तयार होणारं) बियाणं घ्या आणि दुसरीकडे गरवं (उशिरा तयार होणारं). गरव्याला पाणी धरणारा मळा लागतो, भरड जमिनीत ते पळिंज, म्हणजे पोचट, होईल.

गुंठ्याला तीस-पस्तीस किलो धरलं तर बारा क्विंटलच्या आसपास भात येईल. बियाणं आधी काढून ठेवा, मग बाबांच्या कणगीतलं आणि तुमच्या कणगीतलं वेगळं करा. निम्मं-निम्मं केलंत तरी चालेल, पण मापून आणि खळ्यातच. घरात नेल्यावर मोजणी होत नाही.

कलमांत पहिल्या वर्षी हात घालू नका. बाग कुणाला कराराने दिली असेल तर तो करार संपू दे. नसेल तर कल्टारचा, म्हणजे मोहोर लवकर आणणाऱ्या औषधाचा, विषय निघेल, कारण ते १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान घालतात, घेराच्या व्यासाच्या दर मीटरला तीन मिली. जुन्या माणसांना ते झाडाला मारक वाटतं, आणि खत-पाण्याशिवाय वर्षानुवर्षं घातलं तर त्यांचं म्हणणं खोटं नाही. चाळीस कलमांवरून सासरा-जावई बोलायचे बंद झालेत, हे पाहावं लागू नये. यजमानांनी वर्षभर बाबांबरोबर बाग फिरावी, मोहोर कधी आला आणि तुडतुडे कधी दिसले ते वहीत लिहावं.

बहिणीशी सगळ्यांआधी बोला, फोनवर नको, भेटून. तिला दोन गोष्टी सांगा : वर्षभर कागद बदलणार नाही, आणि आईबाबांच्या औषधाचा खर्च कुठल्या वहीत लिहिणार. आईबाबांना सांभाळलं म्हणून कायद्याने वाटा वाढत नाही, हे तुम्हालाही माहीत असू दे. शेवटचं कोण करणार, हेही बाबांना आत्ताच विचारा. मुली अग्नी देतात, किंवा चुलतभाऊ देईल. पण अग्नी दिला म्हणून वाटा मिळत नाही, आणि मुलगी दूर उभी राहिली म्हणून तिचा जातही नाही.

मुलीच्या शाळेचं वेगळं आहे. शाळा सोडल्याचा दाखला काढला की अर्ध्या वर्षात परत फिरणं तिच्यासाठी वाईट. म्हणून एप्रिलमध्ये चौथी संपू दे, मेमध्ये राबाच्या (तरव्याची जागा भाजण्याच्या) वेळी जा आणि पाचवीला जूनमध्ये तिकडे घाला. रेशनकार्ड लांज्यातच राहू दे, मतदार यादीतलं नावही.

आणि सासूबाई. त्यांना तुम्ही सांगू नका, यजमानांनी सांगावं, दीर-जाऊबाईंच्या कानावर जायच्या आधी. पुढच्या मेपर्यंत जातोय, लावणीला आणि कापणीला येणार, तुझा गणपती इथेच, असं. त्यांची भीती आहे की धाकटा गेला तर मोठ्या सुनेच्या हाताखाली त्या एकट्या पडतील. म्हणून तुमची खोली रिकामी करू नका, अंथरूण आणि दोन भांडी तिथेच ठेवा. दिवाळीनंतर पंधरा दिवस त्यांना बाबांच्या घरी बोलवा. तिथे गेल्यावर तुमच्या चुलीवरचं जेवू घाला, आईच्या नव्हे. लेकाचं घर वेगळं आहे हे त्यांना तिथे बसल्यावर दिसेल.